सेवेवाचून पाहणी नाही

२६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन. आणखी एका देशाचा राष्ट्रीय दिवसही हाच आहे. तो देश म्हणजे ऑस्ट्रेलिया. १७८८ साली याच तारखेला ब्रिटिश कैद्यांना घेऊन आलेल्या जहाजांच्या ताफ्याने सिडनीच्या किनाऱ्यावर आपला ध्वज रोवला. त्या भूमीवर हजारो वर्षे राहणाऱ्या, आपल्या भाषा, नातेसंबंधांचे नियम आणि पवित्र स्थळे जपणाऱ्या समाजांची तेथे वस्ती होती. तरीही 'ही भूमी कोणाच्याच मालकीची नाही' असे गृहीत धरून राज्य उभे राहिले. हे गृहीतक चुकीचे होते, हे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला १९९२ साल उजाडावे लागले. म्हणूनच तेथील अनेक मूळ रहिवासी हा दिवस शोकदिन म्हणून पाळतात.

परंतु आजच्या विवेचनाचा विषय या अन्यायाचा इतिहास नव्हे. अन्यायाची जाणीव झाल्यानंतर सुशिक्षित माणसाने नेमके करायचे काय, हा आजचा प्रश्न आहे. सहानुभूतीची भाषणे करणे सोपे असते. अहवाल लिहिणे त्याहून थोडे अवघड, पण तेही जमते. प्रत्यक्षात एका दूरच्या वस्तीतील मोरीचे तुंबलेले पाणी वाहते करणे मात्र फार थोड्यांना जमते. पॉल फोलेरोस या ऑस्ट्रेलियन वास्तुरचनाकाराने आणि शिक्षकाने तीस वर्षे हेच काम केले. २०१६ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कार्यपद्धती समजून घेणे सेवाक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगाचे आहे.

एका अंध नेत्याचा प्रश्न

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या वायव्य कोपऱ्यात एक लाख चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला वाळवंटी प्रदेश आहे. १९८१ साली एका कायद्यान्वये ही भूमी तिच्या मूळ मालकांना, म्हणजे पित्जन्तजत्जारा आणि त्यांच्या भाऊबंद समाजांना, परत मिळाली. हे लोक स्वतःला 'अनांगू' म्हणवतात. जमीन परत मिळाल्यावर त्यांनी स्वतःची आरोग्यसंस्थाही उभारली. तिचे नाव 'न्गानाम्पा हेल्थ कौन्सिल'. 'न्गानाम्पा' या शब्दाचा त्यांच्या भाषेतील अर्थ 'आपले'.

या संस्थेची धुरा वाहणाऱ्यांमध्ये यामी लेस्टर हे अनांगू नेते होते. १९५३ साली ब्रिटनने या प्रदेशाजवळच्या एमू फील्ड येथे अणुस्फोटाची चाचणी घेतली, तेव्हा ते लहान मुलगा होते. स्फोटानंतर काळ्या धुक्याचा लोट आपल्या वस्तीवर आला आणि पुढे आपली दृष्टी गेली, हे त्यांनी आयुष्यभर निर्भीडपणे सांगितले. त्यांच्यासारख्यांच्या साक्षींमुळेच १९८४ साली ऑस्ट्रेलिया सरकारला या चाचण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

१९८५ साली यामी लेस्टर यांच्यापुढे वेगळीच चिंता होती. दवाखाना सुरू झाला होता, डॉक्टर आणि परिचारिका मनापासून राबत होत्या, औषधे मिळत होती. तरीही बरे होऊन घरी गेलेले मूल काही आठवड्यांत तोच आजार घेऊन परत येत होते. खरूज, त्वचेचे जंतुसंसर्ग, कान वाहणे, जुलाब, श्वसनाचे विकार आणि डोळ्यांची खुपरी हे आजार हटत नव्हते. खुपरी वारंवार झाली की पापणी आत वळते, तिचे केस बुबुळाला घासत राहतात आणि शेवटी अंधत्व येते. शहरी ऑस्ट्रेलियातून केव्हाच हद्दपार झालेला हा रोग वाळवंटातील वस्त्यांत ठाण मांडून होता. १९७६ ते १९७८ या काळात नेत्रशल्यविशारद फ्रेड हॉलोज यांनी देशभर फिरून केलेल्या तपासणीत हे स्पष्ट झाले होते.

लेस्टर यांनी तीन माणसांना बोलावले. पॉल टॉर्झिलो हे डॉक्टर, स्टीफन रेनो हे पर्यावरण-आरोग्याचे अभ्यासक आणि पॉल फोलेरोस हे वास्तुरचनाकार. लेस्टर यांची मागणी अगदी साधी होती. माणसे आजारी पडल्यावर काय करायचे ते दवाखाना पाहतो आहे. मुळात ती आजारी पडूच नयेत म्हणून काय करता येईल, ते सांगा.

नऊ साध्या गोष्टी

वास्तुरचनाकार म्हटला की डोळ्यांसमोर देखण्या इमारतींची रेखाचित्रे येतात. या त्रयीने मात्र घरांच्या चित्रांपासून सुरुवात केली नाही. वस्तीतील आजार कोणते आणि त्यांपैकी कोणता घरातील कोणत्या उणिवेशी निगडित आहे, याची त्यांनी सांगड घातली. १९८७ च्या त्यांच्या अहवालात निरोगी जगण्यासाठी घरात शक्य झाल्याच पाहिजेत अशा नऊ गोष्टी महत्त्वाच्या क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली, अंग धुता येणे, विशेषतः लहान मुलांना रोज आंघोळ घालता येणे. दुसरी, कपडे आणि अंथरूण-पांघरूण धुता येणे. तिसरी, मैला आणि सांडपाणी सुरक्षितपणे वाहून जाणे. चौथी, अन्न साठवता, निवडता आणि शिजवता येणे. पाचवी, घरातील दाटी कमी करणे. सहावी, जनावरे, उंदीर-घुशी आणि किडे यांचा उपद्रव आटोक्यात ठेवणे. सातवी, धूळ कमी करणे. आठवी, उन्हाळ्या-हिवाळ्यात घरातील तापमान सुसह्य राखणे. नववी, भाजणे, कापणे, पडणे अशा अपघातांच्या जागा नाहीशा करणे. आणि या नऊंच्याही आधी जिवाची सुरक्षितता. विजेचा धक्का बसेल किंवा गॅस गळेल अशी जागा दिसली, तर ती त्याच दिवशी दुरुस्त करायची.

ही यादी वाचून कोणी म्हणेल, यात नवे काय? आपल्या आजी-पणजीलाही हे ठाऊक होते. अगदी खरे आहे. पण यादीचा खरा अर्थ तिच्या क्रमात आहे. शाळेत मुलांना चेहरा धुवायला शिकवायचे, स्वच्छतेची भित्तिपत्रके लावायची, आणि घरी मात्र नळाला पाणी नाही, असे असेल तर ती शिकवण म्हणजे क्रूर थट्टा ठरते. आईला मूल स्वच्छ ठेवायचे असते. त्यासाठी लागणारा नळ, उष्णोदक आणि वाहती मोरी तिच्या घरात आहे का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

येथे एक सांस्कृतिक मर्मही लक्षात घ्यावे लागेल. अनांगू लोकांचे पारंपरिक निवारे म्हणजे फांद्या आणि गवताचे आडोसे. त्यांना ते 'विल्त्या' म्हणतात. ऋतूनुसार, पाण्यानुसार माणसे जागा बदलत. मुक्कामाची जागा मलिन झाली की मुक्काम हलवत. कोणी निवर्तले तर शोक म्हणूनही ती जागा सोडत. या हालचालीतच स्वच्छतेची व्यवस्था सामावलेली होती. परक्या राजवटीने त्यांना एका ठिकाणी वसवले, काँक्रीट आणि पत्र्याची घरे दिली, आणि जुन्या व्यवस्थेच्या जागी जी नवी यायला हवी होती, ती पाणीपुरवठ्याची आणि मलनिस्सारणाची व्यवस्था अर्धवट सोडली. दोष ना जुन्या संस्कृतीचा होता, ना माणसांचा. एक व्यवस्था मोडून दुसरी पुरी न देणाऱ्यांचा तो दोष होता.

हातात पाना घेऊन शिक्षण

या कामाचे एक ब्रीद आहे: सेवेवाचून पाहणी नाही. दूरच्या वस्त्यांत पाहणी करणाऱ्यांची कधीच वाण नसते. सरकारी अधिकारी येतात, विद्यापीठांचे संशोधक येतात, प्रश्नावल्या भरून घेतात आणि निघून जातात. लोकांच्या हाती काहीच लागत नाही. फोलेरोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले की ज्या घराची पाहणी होईल, त्या घरातील काहीतरी त्याच दिवशी दुरुस्त झाले पाहिजे. म्हणून पाहणी करणाऱ्या चमूबरोबर पहिल्या दिवसापासूनच प्लंबर आणि वायरमन असत. आधी अहवाल, मग मंजुरी, मग निविदा, मग दोन वर्षांनी कामगार हा क्रम त्यांनी साफ नाकारला.

आता या पद्धतीतील शिक्षण पाहा. पाहणी करणारी माणसे बाहेरून आणली जात नसत. चमूतील तीन चतुर्थांशाहून अधिक माणसे त्याच वस्तीतील मूळ रहिवासी असत. त्यांना थोडक्यात प्रशिक्षण देऊन लगेच घरोघर पाठवले जाई. हातात साधीच साधने: विजेचा प्लग तपासण्याचे यंत्र, तापमापक, विजेरी, पाना आणि तपासण्याच्या बाबींची यादी. नळ सोडून पाहायचा, पाणी किती वेळात येते आणि किती गरम येते ते मोजायचे, मोरीत ओतलेले पाणी जाते की तुंबते ते पाहायचे, प्लगला अर्थिंग आहे का ते तपासायचे. एकेका घरात अशा दोनशेहून अधिक बाबी तपासल्या जात. 'घर बरे आहे' किंवा 'घर वाईट आहे' अशा शेऱ्याला तेथे थारा नव्हता. प्रत्येक गोष्ट एकतर चालते किंवा चालत नाही.

फोलेरोस सिडनी विद्यापीठात मानद प्राध्यापक होते. परंतु त्यांची खरी पाठशाळा ही होती. ज्याने स्वतः गीझर उघडून पाहिला, त्याला कळते की कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार तापक कांडीवर कसे साचतात आणि ती कांडी कशी निकामी होते. ज्याने मोरीचा ढाळ पाण्याच्या तांब्याने तपासला, तो पुढच्या घराचा नकाशा काढताना ढाळ विसरत नाही. वास्तुकलेच्या वर्गात हा धडा क्वचितच शिकवला जातो, कारण तेथे इमारतीचे मूल्यमापन ती पूर्ण झाल्याच्या दिवशी काढलेल्या छायाचित्रावरून होते. दहा वर्षांनी त्या इमारतीतील नळ चालतो की नाही, हे कोणी पाहायला जात नाही.

ऑस्ट्रेलियातील अन्य शिक्षकांनीही हाताने शिकण्याची ही वाट चोखाळली आहे. मेलबर्न विद्यापीठातील डेव्हिड ओब्रायन यांचा 'बॉवर स्टुडिओ' वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना दूरच्या वस्त्यांत नेतो आणि तेथील लोकांबरोबर प्रत्यक्ष बांधकाम करायला लावतो. उत्तर प्रदेशातील, म्हणजे 'नॉर्दर्न टेरिटरी'तील, वेव्ह हिल येथे १९६६ साली व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी समाजाच्या गुराख्यांनी ब्रिटिश मालकाच्या कुरणातले काम सोडले आणि नऊ वर्षे चिवटपणे लढा दिला. १९७५ साली पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारी यांच्या ओंजळीत मूठभर माती घालून भूमी परत केली. या सत्याग्रहाला ५० वर्षे झाली तेव्हा, २०१६ साली, 'बॉवर स्टुडिओ'च्या विद्यार्थ्यांनी गुरिंजी लोकांसह त्या पदयात्रेच्या मार्गावर स्मृतिमंडप उभारले. वर्गात बसून हा इतिहास वाचणे वेगळे आणि त्या लोकांबरोबर उन्हात खांब रोवताना तो त्यांच्या तोंडून ऐकणे वेगळे.

दोष कोणाचा?

आता या कामातील सर्वांत महत्त्वाच्या निष्कर्षाकडे वळू. २०१३ साली दिलेल्या एका व्याख्यानात फोलेरोस यांनी ७,८०० घरांच्या तपासणीचे फलित मांडले. विजेच्या दृष्टीने सुरक्षित घरे दहांत जेमतेम एक. न्हाणीत पाणी चालू असलेली घरे सुमारे एक तृतीयांश. शौचालय चालू असलेली घरे निम्म्याहून थोडी अधिक. आणि हे जगातील एका अतिसंपन्न देशात!

अशी स्थिती दिसली की सुस्थितीतील समाजाचे उत्तर तयार असते. 'या लोकांना घरे दिली तरी ती वापरता येत नाहीत. दारे जाळतात, नळ मोडतात.' ऑस्ट्रेलियात हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत होते. त्याचा प्रतिवाद फोलेरोस यांनी आवेशाने केला नाही, नोंदवहीने केला. प्रत्येक दुरुस्ती करताना प्लंबर आणि वायरमन बिघाडाचे कारणही लिहून ठेवत. हजारो घरांतील या नोंदी एकत्र केल्यावर चित्र स्पष्ट झाले. सुमारे ७० टक्के बिघाड नियमित देखभालीच्या अभावामुळे झाले होते. २० ते २५ टक्के बिघाडांचे मूळ मुळातल्याच सदोष बांधकामात होते. राहणाऱ्यांनी केलेली मोडतोड किंवा गैरवापर यांचा वाटा १० टक्क्यांहूनही कमी होता.

मित्रहो, या आकड्यांचे मोल मोठे आहे. एका संपूर्ण समाजावर ठेवलेला ठपका त्यांनी पुसून टाकला. माणसाला नादुरुस्त घर देणे हा एक अन्याय, आणि ते नादुरुस्त असल्याचा दोष त्याच्याच माथी मारणे हा दुसरा, अधिक खोल अन्याय. पहिल्याने शरीर आजारी पडते, दुसऱ्याने आत्मसन्मान खचतो.

आणि दुरुस्तीचा परिणाम काय झाला? न्यू साउथ वेल्स राज्याच्या आरोग्य विभागाने तेथील दहा वर्षांच्या कामाचे मूल्यमापन २०१० साली प्रसिद्ध केले. ज्या वस्त्यांत घरांची अशी दुरुस्ती झाली, तेथील लोकांना संसर्गजन्य रोगांसाठी रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण, त्याच राज्यातील ग्रामीण भागातल्या पण हे काम न झालेल्या मूळ रहिवाशांच्या तुलनेत, ४० टक्क्यांनी कमी आढळले. नवे औषध नाही, नवे रुग्णालय नाही. वायसर, पाइप, अर्थिंग आणि मोरीचा ढाळ यांनी साधलेला हा परिणाम आहे.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. २००८ साली नॉर्दर्न टेरिटरीतील मूळ रहिवाशांच्या घरांसाठी ६७ कोटी २० लाख डॉलरांची भव्य योजना जाहीर झाली. वर्ष उलटून गेले तरी एकही नवे घर पूर्ण झाले नव्हते. त्यावरून तेथील सरकारमधील एक मंत्री बाहेर पडल्या. पैसा होता, घोषणा होती, सल्लागारही होते. नव्हता तो पहिल्याच दिवशी पाना हाती घेण्याचा आग्रह.

अर्थात या कामालाही मर्यादा आहे, आणि ती सांगितली पाहिजे. दुरुस्त केलेला नळ पुन्हा बिघडतो. देखभालीची कायम व्यवस्था नसेल तर काही वर्षांत घर मूळ पदावर येते. दाटी हा प्रश्न नवी घरे बांधल्याशिवाय सुटत नाही. फोलेरोस यांनी दुरुस्तीला नव्या घरांचा पर्याय कधी मानले नाही. पण आज ज्या घरात मूल राहते आहे, ते घर आज चालले पाहिजे, या मुद्द्यावरून ते कधी हटले नाहीत.

नेपाळचा अनुभव

वाळवंटात घडलेली ही पद्धत पुढे आपल्या शेजारी नेपाळमध्येही गेली. तेथील डोंगरी खेड्यात प्रश्न वेगळे होते. शौचालये नव्हती, आणि चुलीच्या धुराने स्त्रिया आणि मुलांची फुप्फुसे पोखरली जात होती. तेथे पित्जन्तजत्जारा वाळवंटातील घर नेऊन ठेवण्याचा मूर्खपणा कोणी केला नाही. नेपाळी सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, स्थानिक गवंड्यांच्या हातांनी शौचालये बांधली गेली आणि मैल्यापासून मिळणारा जैववायू स्वयंपाकासाठी वापरला गेला. घराचे रूप बदलले, साधने बदलली, विचारण्याचे प्रश्न मात्र तेच राहिले. मूल धुता येते का? मैला दूर जातो का? अन्न धुराविना शिजते का?

आपल्याकडे हे प्रश्न अपरिचित नाहीत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समाज विशेष दुर्बल जनजाती म्हणून नोंदलेले आहेत. २०२३ साली सुरू झालेल्या 'पीएम-जनमन' अभियानात त्यांच्यासाठी पक्क्या घरांची तरतूद झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण घर मंजूर होणे, घर बांधून होणे आणि घर चालणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोहोंची नोंद सरकारी दप्तरात होते. तिसरीची नोंद पाड्यावर वारंवार जाणाऱ्या माणसालाच करावी लागते.

आपल्यापैकी कितीतरी जण सुट्टीच्या दिवशी पाड्यांवर जातात. वैद्यकीय शिबिरे होतात, वह्या-पुस्तके वाटली जातात, आस्थेने विचारपूस होते. यापुढे जाताना सोबत एक वायरमन आणि एक प्लंबर न्यावा. आपल्या गावातील तंत्रनिकेतनाच्या आणि वास्तुकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना न्यावे, आणि त्यांच्याबरोबर पाड्यावरच्याच दोन तरुणांच्या हाती पाना द्यावा. शौचालयात पाणी येते का, दिव्याच्या तारा उघड्या आहेत का, मोरीचे पाणी दारातच साचते का, हे पाहावे. जे त्याच दिवशी दुरुस्त होण्यासारखे असेल ते दुरुस्त करावे. न होण्यासारखे असेल त्याचे कारण लिहून ठेवावे, आणि कारण लिहिताना घरातल्या माणसाला दोष देण्याची घाई करू नये. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच घरी जावे आणि तोच नळ पुन्हा सोडून पाहावा.

यामी लेस्टर यांनी १९८५ साली विचारलेला प्रश्न प्रत्येक पाड्यावर आजही विचारता येतो. माणसे आजारी पडू नयेत म्हणून काय करता येईल? त्याचे उत्तर शोधायला निघताना रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढीच अपेक्षा.